न झालेल्या सामन्याची शिक्षा

जावयाला चपला काढता येत नाहीत, तो त्या उडवतो. एक दाराशी, दुसरी कपाटाखाली. एकोणचाळीस वर्षांचा घोडा, दोन पोरांचा बाप. बँकेत चष्मा लावून बसतो तेव्हा लोक अदबीनं बोलतात, पण रविवारी मैदानात उतरला की त्याची जीभ पायांच्या पुढे धावते. काकूंनी हे लेकीला सांगून झालं होतं, धाकट्या मुलाला सांगून झालं होतं, आणि कपडे धुवायच्या मशीनलाही, कारण मधेच उठून न जाता ऐकणारं घरात तेवढंच एक होतं.

त्यांना अख्खी टीम काकू म्हणायची. फुटबॉलची ही टीम त्यांच्या नवऱ्यानं उभी केलेली. तो गेला, जर्सींची पिशवी मात्र काकूंच्याच मागच्या खोलीत राहिली. बावीस वर्षं वरच्या गटात खेळलेली टीम यंदा अगदी काठावर येऊन ठेपली होती. उद्याचा शेवटचा सामना जिंकला तर वर राहणार, नाहीतर खाली.

आणि उद्या जावई परत खेळणार होता. महिन्यापूर्वी त्यानं पंचाला "डोळे घरी विसरलात का?" असं विचारलं होतं, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून कोपऱ्यातला झेंडा उपटून भिरकावला होता. लाल कार्ड आणि वर तीन सामन्यांची बंदी. त्यानंतरचे तिन्ही रविवार तो साध्या कपड्यांत दोरीबाहेर उभा राहिला, ओठ आवळून, दात दुखणाऱ्या माणसासारखा.

शनिवारी दुपारी धाकटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागद भरत होता. तो टीमचा सचिव. असल्या हौशी सामन्यांत तपासायला कोण येतंय? बंदी भोगून झाली असं टीमनंच लिहून द्यायचं, पंचानं घडी करून खिशात घालायचं.

काकूंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. ओटा दोनदा पुसून झाला होता.

"वाच बरं मोठ्यानं," त्या म्हणाल्या.

"नुसत्या तारखा आहेत, आई."

"मग तारखा वाच. मला वाचायची अडचण आहे, ऐकायची नाही."

"तीन, दहा, सतरा. झाले तीन सामने."

दहा. काकूंना काहीतरी खुपलं. त्या मागच्या खोलीत गेल्या. मशीनवरच्या भिंतीला कॅलेंडर होतं. टीमचे कपडे धुतले की त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं एक रेघ मारायची, ही त्यांची नवऱ्याच्या वेळेपासूनची सवय. तीनला रेघ होती. सतराला होती. दहाचा चौकोन कोरा.

मग आठवलं. त्या दिवशी मैदानाखालची पाण्याची नळी फुटली होती. गोलापाशी तळं झालेलं. दोन्ही टीम अर्धा तास काठावर ताटकळल्या आणि पंचानं सगळ्यांना घरी पाठवलं. पिशवी गेली तशीच परत आली, त्यांनी घातलेल्या घड्यांसकट. एक धुणं वाचलं म्हणून त्या खूशही झाल्या होत्या.

"उद्याचा सामना कुठला रे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"दहा तारखेचा राहिलेला," धाकटा म्हणाला. मग पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे जो सामना अजून व्हायचाय, तो बाहेर बसून झाला म्हणून तू लिहून देतोयस."

"कुणाच्या लक्षात येणार नाही, आई. समोरच्यांच्याही नाही."

"तुझ्या आलं का?"

"आत्ता आलं."

"मग दोघं तर झालेच."

काकू तिथंच येरझाऱ्या घालत राहिल्या. जावयाची पाच नंबरची जर्सी उचलली, घडी मोडली, परत घातली. जावई नसला तर मागे बचावाला राखीव खेळाडू म्हणून येणारा शिंपी उभा राहणार, आणि शिंप्याच्या बाजूनं चेंडूच काय, ट्रकही निघून जातो. शिवाय डॉक्टरनं जावयाला सांगून ठेवलं होतं की हा गुडघा एवढाच मोसम चालेल. उद्याचा सामना त्याचा शेवटचा. लेक सकाळीच फोनवर म्हणाली होती, उठल्यापासून दोनदा बूट पुसलेत.

पेन्सिल कॅलेंडरला दोऱ्यानं टांगलेली होती. काकूंनी ती हातात घेतली. एक रेघ ओढली की दहा तारीखही धुऊन झाली. टोक चौकोनावर टेकलं. बारीकसा ठिपका उमटला. तेवढ्या ठिपक्यानंही त्यांचे कान तापले. त्यांनी बोट ओलं करून तो घासून काढला आणि पेन्सिल सोडून दिली. ती दोऱ्यावर लोंबकळत राहिली.

बाहेर एक चप्पल दारावर आपटली. दुसरी कपाटाखाली गेली.

"आई, माझी जर्सी झाली का?" जावई उत्साहात आत आला. मग त्याला धाकट्याचा चेहरा दिसला. "काय झालं?"

धाकट्यानं चार वाक्यांत सांगितलं. जावई उभ्याउभ्या ऐकत होता. मग मागच्या खोलीतल्या काकूंकडे वळला.

"मी त्या दिवशीही उभा होतो, आई. पाय भिजेपर्यंत."

"उभे होतात. पण समोर खेळत कोण होतं?"

"लीगवाल्यांनी स्वतः काही विचारलं नाही. मग आपणच कशाला?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "माझा शेवटचा सामना आहे. तुम्हाला माहितेय."

काकूंनी पाच नंबरची जर्सी पिशवीत सगळ्यांत खाली घातली, चेन ओढली आणि मगच त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचा शेवटचा सामना महिन्यापूर्वी होऊन गेला, जावईबापू. झेंडा भिरकावलात, तोच. तेव्हा मला विचारलं असतंत तर म्हटलं असतं, शेवट जरा बरा करा. उद्या तुम्ही खेळणार नाही. हा दोन तारखांचा नवीन कागद लिहील, आणि पंचांच्या हातात तो तुम्ही स्वतः द्यायचा. देताना त्यांच्या डोळ्यांची चौकशी करायची नाही. टीम खाली गेली तर जाईल, खालच्या गटाचा चिखलही मला धुता येतो. मी नव्वद मिनिटं दोरीबाहेर तुमच्या शेजारी उभी राहणार आहे. तोंड उघडलंत तर गाठ माझ्याशी आहे. आता वाका, गुडघा सांभाळून, आणि ती कपाटाखालची चप्पल काढून दाराशी जोडीनं ठेवा."