चिन्ह नसलेलं पत्र

तपासणीबाई तळघरातल्या प्रयोगशाळेतून जिने चढून थेट दुसऱ्या मजल्यावर आल्या आणि दार न वाजवताच आत शिरल्या. हातातले रबरी मोजे काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"पोस्टमास्तरीणबाई, आमचा तळघरातला फोन बंद आहे का हो?"

रुग्णालयाचे सगळे मेल जिच्या हाताखालून जात, तिला हे नाव कुणी चेष्टेनं ठेवलं आणि ते चिकटलं. तिनं फोन उचलून तळघराचा नंबर लावून पाहिला.

"चालू तर आहे. का?"

"मग माणसं फोन का करत नाहीत? ज्यांना परत बोलवायचं त्यांना आम्ही पत्र पाठवतो ना, ती त्याच दिवशी घाबरून फोन करतात. महिना होत आला, एकाचाही फोन नाही."

"पत्र कसलं? मेल? तुमच्याकडून मेल जातात?"

"आम्ही कुठं पाठवतो! तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पाठवतो, आपला आपण. तुम्ही इथं लागायच्या आधीपासून."

तिनं फोन हळूच खाली ठेवला.

महिन्यापूर्वी याच खोलीत तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. रुग्णालयाच्या नावानं कोणी भामटे लोकांना मेल पाठवून लुबाडत होते. त्यावर तिनं उपाय काढला होता. आता रुग्णालयाचा मेल आला की नावाशेजारी त्याचं हिरवं चिन्ह दिसे, रीतसर पडताळलेलं. संचालकसाहेब तर नातवाचा फोटो दाखवावा तसा आपला मोबाइल मजलाभर दाखवत फिरले होते. मात्र चिन्हाला एक अट होती. रुग्णालयाच्या नावानं मेल पाठवणारं प्रत्येक यंत्र आधी नोंदवायचं, आणि ज्याची नोंद नाही त्याचा मेल लोकांच्या नकोशा टपालात, म्हणजे स्पॅममध्ये, जाऊ द्यायचा. तिनं विभागाविभागांत जाऊन विचारलं होतं. तळघरात तेवढी गेली नव्हती. तिथले निकाल खिडकीवर कागदावर मिळतात आणि पत्रंही टपालानंच जातात, हे ती धरूनच चालली होती. म्हणजे माणसांना परत बोलावणारी ती सगळी पत्रं महिनाभर भामट्यांच्या पंगतीला जाऊन बसली होती. तिनं ते तपासणीबाईंना तसंच सांगितलं.

"मी आता एकेकाला फोन लावत बसते," तपासणीबाई म्हणाल्या. दारात थांबून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमचा चेहरा का उतरला? होतात चुका."

तिला विचारायचं होतं, त्यात आमच्या वन्सं आहेत का? पण कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही हा तळघराचा नियम होता, आणि खरं सांगायचं तर तिला उत्तराचीच भीती वाटत होती.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. तीन आठवड्यांपूर्वी मानेत गाठ लागते म्हणाल्या, तेव्हा हिनंच त्यांना हाताला धरून तपासणीला आणलं होतं. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं, "आठवड्यात पत्र आलं नाही तर निर्धास्त राहा." आठवडा उलटल्यावर वन्संनी फोन करून घर डोक्यावर घेतलं होतं. सुटले गं बाई, सुटले!

दुपारभर तिनं त्या जुन्या कॉम्प्युटरची नोंद केली. मधे दोनदा वन्संचा नंबर काढला आणि लावला नाही. संध्याकाळी पाय आपोआप त्यांच्या गल्लीकडे वळले.

वन्सं जमिनीवर बसून कुणाच्या तरी खिडक्यांचे पडदे बेतत होत्या. तोंडात टाचण्या, गळ्यात मोजपट्टी.

"अगंबाई, तू? बस. तिथं नको, टाचण्या आहेत."

ती पलंगाच्या कडेला टेकली.

"वन्सं, मान कशी आहे?"

"आहे तशीच आहे. गाठ आहे, पण साधी आहे ना, राहू दे बिचारी." त्यांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "बरं, आधी मला शाबासकी दे. तुला सांगायचंच राहिलं. मला एक खोटा मेल आला होता. तुमच्या नावानं!"

"कधी?"

"मागंच. त्या नकोशा टपालात पडला होता. मी रोज तिथंही डोकावते हो, तू म्हणालीस तशी. नाव तुमचं, सगळं तुमचं, पण तुझं ते हिरवं चिन्ह कुठाय? नाही! म्हटलं, मला फसवतोस काय?"

तिनं पलंगावरचा कापडाचा तुकडा उगाच घडी करायला घेतला.

"काय लिहिलं होतं?"

"घाबरवायचंच, दुसरं काय. त्वरित येऊन डॉक्टरांना भेटा म्हणे. माझं नावसुद्धा बरोबर घातलं होतं मेल्यानं. मी वाचून संपवलासुद्धा नाही, दिला टाकून." वन्सं हसल्या. "दिवटा भाऊ म्हणतो, ताईला मोबाइलमधलं ओ की ठो कळत नाही. सांग त्याला. बायकोनं शिकवलं की बरोबर कळतं म्हणावं."

किती ध्यानात ठेवलं होतं या बाईनं, शब्द न् शब्द. जरा वेंधळ्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

"वन्सं, ते पत्र..."

कापडाच्या ढिगाखाली फोन वाजू लागला. वन्संनी तो चाचपून बाहेर काढला आणि डोळे बारीक केले.

"हा बघ. अनोळखी नंबर. सकाळपासून छळतोय नुसता. असले उचलायचे नाहीत, हो ना?"

त्यांचं बोट फोन बंद करायला गेलं. तिनं वाकून नंबर पाहिला. तळघरातला होता.

"उचला, वन्सं."

"अगं, पण तूच..."

"मीच सांगते आहे. उचला."

वन्संनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हातातली कात्री खाली ठेवली आणि वाजता फोन तिच्यापुढे धरला. "तूच बोल बाई. मला यातलं काय कळतंय!"

तिनं फोन कानाला लावला.

"हॅलो."

पलीकडून तपासणीबाई नेहमीचं वाक्य बोलायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. आवाज त्यांनी ओळखला होता.

"कोण आहे गं?" वन्संनी हळूच विचारलं. "ओळखीचं आहे का?"

"हो," ती म्हणाली आणि मोकळ्या हातानं वन्संचा हात धरला. "ओळखीचं आहे."