एल्डन प्रुइटची पितळी माशी

शेवटी एल्डन प्रुइटची रवानगी राजम्याच्या हंड्यावर झाली. पण ते झालंच नाही असं धरून चालू; एल्डनही तसंच धरून चालतो.

अमेरिकेत, मिझुरीतल्या एल्डनच्या नेमबाजी क्लबात अजून जुन्या पद्धतीच्या काळ्या, बंदुकीच्या दारूवरच बार काढतात, आणि नियम सरळ आहे. शरदाच्या मेळाव्यात ज्याची एकही गोळी नेमाच्या कागदाला लागत नाही, त्यानं पुढचं वर्षभर हत्यार कपाटात ठेवायचं आणि बाकीच्यांसाठी राजमा ढवळायचा. एल्डनला ढवळण्याची भीती नव्हती. हंड्यामागून सासरा नेम धरताना बघावा लागेल, याची होती. सासरा होबार्ट हाच मैदानाचा कप्तान.

आणि एल्डनचं रिव्हॉल्व्हर कागदाच्या हातभर वर मारायचं.

"दारू कमी कर," जो तो म्हणाला. बायको व्हर्लाला वाटलं, बिअरबद्दल चाललंय; ती खूश झाली. एल्डननं बंदुकीची कमी केली. गोळी वरच.

दारू कमी केली की रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या गोळीच्या घरात पोकळी उरते. ती भरायला क्लबच्या रिवाजाप्रमाणे त्यानं न्याहारीच्या लापशीचा रवा ओतला, त्यावर शिशाची गोळी दाबली, आणि एका बाराची ठिणगी दुसऱ्याला लागू नये म्हणून घराच्या तोंडाशी डुकराची चरबी फासली.

"साखर आणू का?" व्हर्लानं विचारलं.

बार झाला. धुरातून भाजलेल्या रव्याचा खमंग वास सुटला, शेजारच्या दोघांना भूक लागली. गोळी हातभर वरच.

मग एल्डननं डोकं चालवलं, आणि तिथंच घात झाला. नळीच्या टोकाला नेम धरायची पितळी माशी असते. ती वर आलीय म्हणून गोळी वर जाते, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्यानं कानस घेतली. गोळी दोन हात वर गेली. म्हणजे अजून घासायला हवी! मेळावा उजाडेपर्यंत नळी तान्ह्या बाळाच्या गालासारखी झाली होती.

मेळाव्यात कागद कोरा राहिला. सहाही गोळ्या मागच्या मातीच्या बंधाऱ्यात, माथ्याजवळ, बशीएवढ्या जागेत घुसल्या.

"काय जावईबापू, वर्षभर माशा मारत होतात का?"

"एकच होती, बाबा. मारली."

होबार्टनं नळीवरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. "अरे गाढवा, गोळी खाली आणायची तर माशी उंच करायची असते! ती बुटकी झाली की तिला बघायला तू नळीचंच नाक वर उचलतोस."

"म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"हात बरोबर होता. त्याला डोकं लावायचं राहिलं. घे पळी."

एल्डननं डाव्या हातात पळी घेतली आणि उजव्यानं अर्ज लिहिला:

"मा. कप्तान यांस, माझ्या सहाही गोळ्या एकाच जागी वेळेवर हजर झाल्या. कागद तेथे गैरहजर होता. तरी सदर कागदावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी आणि मला मेळाव्याच्या आदल्या दिवसापासून बंदुकीवर पुन्हा रुजू करून घेण्यात यावे, ही विनंती."