नखावरचा थेंब

सकाळी दहाच्या सुमारास बन्सीने कंपाउंडर योसेफच्या तोंडावर बुक्की मारली, तेव्हा मिशन दवाखान्याच्या फ्रीजमध्ये आईच्या दुधाच्या चार बाटल्या होत्या.

दूध त्याच्या बायकोचं, चांगुणाचं होतं. पाच दिवसांपूर्वी बन्सीने तिच्या पोटात लाथ घातली आणि आठव्या महिन्यातच मुलगी झाली. मुलीला ओढून पिण्याची ताकद नव्हती. दर दोन तासांनी ड्रॉपरने दोन चमचे पाजावे लागत. त्यात चांगुणाच्या छातीत गळू झालं, ताप चढला, दूध आटत गेलं. त्याआधी नर्स मरियमने पिळून घेतलेल्या या चार बाटल्या दोन दिवस पुरणार होत्या. एक बाटली म्हणजे बारा तास. तोवर ताप उतरला तर दूध परत येईल, असं डॉक्टर सांगून गेले होते.

बन्सी कर्जतच्या दूध केंद्रावर कामाला होता. गवळ्याचं दूध तो अंगठ्याच्या नखावर टाकून बघायचा. थेंब ठरला तर दूध चोख, ओघळला तर पाणी. दुष्काळाच्या त्या वर्षी त्याने कितीतरी किटल्या रस्त्यावर ओतल्या होत्या.

त्या सकाळी तो मुलीला बघायला आला आणि त्याने आधी वॉर्डातला फ्रीज उघडला. बाटलीत वर पिवळट साय, खाली निळसर पाणी. वास साबणासारखा. नखावर थेंब टाकला. ओघळला.

"पानी घातलंय! साय कुनी खाल्ली रं योसेफ?"

"गारठ्यानं साय वर येती, पाटील. वासबी त्याचाच. कोमट पान्यात धरून फिरवली की एकजीव हुतं. आधी दार लावा, दूध नासंल."

तेव्हा ती बुक्की बसली. योसेफचा दात फरशीवर पडला. पहिली बाटली भिंतीवर फुटली, दुसरी योसेफच्या कपाळावर. मरियम मधे आली, तर बन्सीने केस धरून तिचं डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं आणि तिसरी बाटली तिच्या पायाशी फोडली.

छत्तीस तास फरशीवर सांडले.

चांगुणा खाटेवरून उठली. भिंत धरत आली.

"अंगठा आना हिकडं."

तिने दात आवळून छाती दाबली. एकच थेंब आला, नवऱ्याच्या नखावर पडला आणि ओघळला.

"आता मला कुनी पानी घातलं?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी रतनबाई खिदळली. "वता की आता, बायकोबी रस्त्यावर वता!"

बन्सीचं तोंड काळंठिक्कर पडलं. "मंग तुझ्यातच खोट हाय. असलं पाजून पोरगी मारतीस व्हय?"

त्याने शेवटच्या बाटलीकडे हात घातला. चांगुणाने अंगाचा सगळा भार फ्रीजच्या दारावर टाकला. हाड मोडल्याचा आवाज वॉर्डभर ऐकू गेला. बन्सी किंचाळला, दुसऱ्या हाताने तिला मारत राहिला. तिचं नाक फुटलं. दार सुटलं नाही.

"बाटली सोडा."

"सोडली... आगं सोडली!"

हात निघेल एवढीच फट तिने केली. अंगठा आडवा लोंबत होता. बन्सी गुडघ्यावर बसला.

मरियमने डोक्याला पदर दाबून घड्याळ पाहिलं. "दोनाऐवजी एकच चमचा देऊ. उद्या सकाळपर्यंत पुरेल."

पाजायची वेळ बाराची होती. तोवर चांगुणा फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसून राहिली.