वळचणीचा आसरा

मुंबईत गांधीटोपीवाल्यांचं राज्य आलं, त्याच्या दुसऱ्या आषाढात काळू नदी आंबेकुंडी गावात शिरली. घरं गेली, चार सोडून सगळी गुरं गेली, राबातली रोपं गेली. माणसं तेवढी वाचली. ती काही देवाने वाचवली नाहीत. गावाच्या डोक्यावर टेप, म्हणजे उंच टेकाड, आहे आणि टेपावर ठाकरवाडी आहे. ज्या वाडीला गाव उभ्या जन्मात 'अरे'च्या वर कधी बोललं नाही, त्या वाडीवर सगळं गाव बायकापोरांसकट चढलं, म्हणून वाचलं.

महिपतही चढला. पाठीवर त्याची लेक काशी होती. पोर वयात आलेली, सुपारी फुटलेली, तुळशीचं लग्न लागलं की हिचं लागायचं. पण तापाने अशी मोडली होती की बापाने तिला तान्ह्या पोरासारखी पाठुंगळी घेतली. मागून त्याची बायको चंदा, डोक्यावर ओली वाकळ घेऊन. बाकी घरातलं काही म्हणून निघालं नाही. भांडी तर त्यांच्या डोळ्यांदेखत तरंगत गेली.

वाडीवर पोचल्यावर गावाचा म्हातारा पुढारी धाकलूबाबा हात वर करून म्हणाला, "वळचणीला बसा सगळे. आत कुणी पाय घालायचा नाय. पाऊस थांबला का उतरायचं."

पाऊस थांबला नाही. गाव ठाकरांच्या झोपड्यांच्या वळचणीला कुडाला पाठी लावून बसलं. अर्धी अंगं कोरडी, अर्धी ओली. एरवी त्या वळचणीला ठाकरांची कोंबडी बसत. दुसऱ्या दिवशी पोरांनी रडायला सुरुवात केली आणि मग पोरं रडायचीही थांबली. तेव्हा कमळू ठाकराची बायको बाईजा दारात आली.

"शिधा देऊ का, बाबा?"

कुणब्याला ठाकराचा शिधा चालतो. कोरडं धान्य बाटत नाही. त्याला पाणी लागलं, विस्तव लागला की बाटतं. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही. ज्याने ठरवलं तो कधी वळचणीला बसला नसावा.

"दे, शिधा दे," धाकलूबाबा म्हणाला. जसा काही तोच तिच्यावर उपकार करत होता.

बाईजाने सूपभर नाचणी आणून ठेवली. सगळं गाव त्या सुपाकडे बघत बसलं. जातं नाही, तवा नाही, चूल नाही. नाचणी काय कोंबड्यासारखी टिपायची? थोड्या वेळाने बाईजाने सूप उचललं आणि आत नेलं. आतून जात्याची घरघर ऐकू आली, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग वास. त्या वासाने धाकलूबाबाने मान फिरवून पावसाकडे बघितलं.

मग गाव जेवलं. एकेक घर आत जायचं, दार लोटून घ्यायचं, जेवायचं, तोंड पुसून बाहेर यायचं. तोवर बाकीची घरं पावसाकडे बघत बसायची. कुणी कुणाला आत जाताना पाहिलं नाही, कुणी कुणाला बाहेर येताना पाहिलं नाही. पाऊस उघडेपर्यंत हेच चाललं. धाकलूबाबाने तर कालवणाला काय आहे म्हणून विचारलं. काशीच्या पोटात काही ठरेना, तेव्हा बाईजाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मिठाचा खडा घालून पेज भरवली, थेंबाथेंबाने, पक्ष्याच्या पिलाला भरवावी तशी. त्या पेजेने पोर उठली. महिपत समोरच बसला होता, हातात भाकरी घेऊन. कोपऱ्यातली नाचणीची कणगी त्याला दिसत होती. ठाकरांचा सगळा पावसाळा त्या कणगीत होता. रोज तिच्यात सूप अधिक खोल जात होतं आणि शेवटच्या दिवशी ते बुडाला घासलं. तो आवाज त्याने ऐकला आणि तोंडातला घास गिळला.

पाणी ओसरलं. उतरण्याआधी धाकलूबाबाने गडीमाणसं गोळा केली.

"आपुन कुठं होतो?"

"वाडीवर," कुणीतरी म्हणालं.

"वळचणीला होतो," धाकलूबाबा म्हणाला. "वळचणीला बसलो, पावसाचं पाणी प्यालो. सोयरेधायरे इचारतील, पोरीबाळी उजवायच्या हायेत. समजलं?"

"शिधा घेतला म्हणू या ना," महिपत म्हणाला. "शिध्याला कोण नावं ठेवील?"

"आणि शिजवला कशात? भांडी कुणाची, म्हणून इचारलं तर काय तुझं टाळकं दाखवशील?"

माणसं हसली. महिपतही हसला.

वाचलेली चार जनावरं गावात दावं बांधायला जागा नव्हती म्हणून वाडीवरच ठेवली आणि गाव खाली गेलं.

मुरबाडच्या वाटेवर, चिंचेखाली, कल्याणच्या मदतवाल्यांनी ताडपत्री बांधली होती. रंगूनच्या तांदळाची पोती, कांबळी, क्विनाइनच्या गोळ्या. त्यांचा चिटणीस खादीतला, चष्म्याचा, गुडघाभर चिखलात उभा राहून घसा बसेपर्यंत काम करणारा होता. भला माणूस होता, हे खोटं म्हणता येणार नाही. ज्यांची घरं बुडाली त्यांना त्याने माणशी तांदूळ दिला. आणि मग म्हणाला,

"आता एक सांगा. इतके दिवस तुम्हाला जेवू कुणी घातलं? ज्यांनी घातलं त्यांचं घर बुडालं नसेल, पण धान्य तर संपलं असेल. ते आम्ही भरून देणार. वाडीवर होतात ना?"

महिपतच्या शेजारी त्याचा व्याही लडकू उभा होता. काशीचा होणारा सासरा. पुराची बातमी कळताच तो आपल्या गावाहून गाडीभर पेंढा घेऊन आला होता, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चिखलात दिवसभर राबला होता. त्यानेही मान वळवून विचारलं, "हां, काय रे महिपत, जेवलात कुठं तुमी?"

धाकलूबाबा खाकरला. "जेवतो कुठं, साहेब. वाडीवर टेकलो फकस्त. वळचणीला. पोरांना गूळ होता थोडा, त्याच्यावर काढलं."

"इतके दिवस? गुळावर?"

"देवाची करणी, साहेब."

चिटणिसाने चष्मा पुसला. त्याला ते पटलं नव्हतं. गर्दीच्या कडेला कमळू ठाकर रिकामी पाटी घेऊन उभा होता. वाडीला काही मिळतं का बघायला बाईजाने त्याला पाठवला होता. चिटणिसाने त्याला हाक मारली. धाकलूबाबाला तो 'अहो' म्हणाला होता, कमळूला 'अरे' म्हणाला. भल्या माणसाची जीभही वळणावरच चालते.

"काय रे, तू वाडीवरचा ना? तू घातलंस ना यांना जेवायला? खरं सांग. घाबरू नको. तुझी पाटी भरून देतो. पोतं देतो."

सगळं गाव कमळूकडे बघायला लागलं. कमळूने गावाकडे बघितलं नाही. त्याने महिपतकडे बघितलं, मग लडकूकडे, मग पुन्हा महिपतकडे. काशी त्याच्या घरात झोपली होती, तिची सुपारी कुठे फुटली ते सगळं चंदाचं बाईजाजवळ बोलून झालं होतं. शेजारचा हा खोळवाला कोण, हे कमळूने ओळखलं.

महिपतच्या जिभेवर शब्द होता. मोठा नव्हता. 'जेवलो.' एवढाच. लहान पोर म्हणतं तेवढा. त्याने तो म्हटला असता तर कमळूला पोतं मिळालं असतं आणि काशी लग्न मोडून घरात बसली असती. कदाचित बसलीही नसती. लडकू काही राक्षस नव्हता. पण ते बघायला महिपतने तोंड उघडायला हवं होतं, आणि त्याने ते आवळून धरलं.

"नाय साहेब," कमळू म्हणाला. "आमच्यात कशी जेवतील ही माणसं? आमी ठाकरं. वळचणीला टेकली, एवढंच."

"शिधा तरी?"

"नाय."

लडकूने सुटकेचा श्वास सोडला आणि महिपतच्या पाठीवर थाप मारली. "घट्ट माणसं तुमी, व्याही. उपाशी राहिलात पण राहिलात."

कमळूने पाटी उपडी करून डोक्यावर घेतली, पाऊस होता म्हणून, आणि टेपाची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी महिपतने वाट्याच्या तांदळातला निम्मा पंच्यात बांधला. चंदाने विचारलं नाही कुठे. फक्त म्हणाली, "बाईजाला सांग, पोर आता बसून खाती."

बाईजा अंगणात कडूकांद कापत होती. तो कंद राखेच्या पाण्यात भिजवून, उकडून, पुन्हा धुऊन खावा लागतो, तरी घसा खाजतो. श्रावण सरता सरता त्याची पाळी येते. ती आषाढातच कापत होती.

महिपतने गाठोडं खाली ठेवलं.

"हे काय?"

"तांदूळ हाय. तुमचा."

"आमचा कसा, महिपतदादा? आमी तर कुणाला जेवाया घातलंच नाय." तिने विळ्यावरून मान वर केली नाही. "नवरा माझा सांगून आलाय साहेबाला. आता हे घेतलं तर तो खोटा पडल."

"बाईजा, माझ्या जिभेला काय झालं..."

"जिभेला काय व्हायचंय? चांगली हाय. भाकरी गोड लागत व्हती तिला."

कमळू दारात बसून दावं वळत होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो."

"का ऱ्हाऊ दे?" बाईजाने विळा बाजूला सारला. "बरं. घेते मी. पण शिधा नको. शिजवून घाल. तुझ्या हातानं, माझ्या चुलीवर, माझ्या मडक्यात. आमच्या पंगतीला बस आणि जेव. तवा दार लोटून जेवलास, आज दार उघडं ठिवून जेव."

महिपतला वाटलं, एवढंच? छाती हलकी झाली. तो आत गेला, चुलीपुढे बसला. मडक्यात पाणी घातलं, तांदूळ हातानेच धुतला, आधणात सोडला, फुंकर घातली. धुराने डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. कोपऱ्यात रिकामी कणगी होती. दार सताड उघडं होतं. भाताला उकळी आली तशी त्याला भूक लागली, पुरानंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात वाटेवर काठी वाजली. धाकलूबाबाचा आवाज आला, बैलाला बोलावणारा. त्याच्यामागे लडकूचा, "बाबा, वाट निसरडी हाय, दमानं." बैल न्यायला दोघे चढत होते.

महिपत उठला. आपण उठतो आहोत हे त्याला कळायच्या आधी तो उठला होता. दाराबाहेर गेला, कुडाला पाठ लावली, वळचणीला उभा राहिला.

"अरे, तू हितं?" धाकलूबाबा म्हणाला.

महिपतने तोंड उघडलं. कमळूने दावं वळता वळता, मान खाली घालूनच उत्तर दिलं, "पाऊस लागला त्याला. टेकलाय वळचणीला."

लडकूने नाक वर केलं. "वास कसला येतो रे? भात लागलाय जणू तळाला."

आतून बाईजाचा आवाज आला. कोरडा, शिध्यासारखा. "आमच्यात कुठला भात, बाबा. कडूकांद हाय."

धाकलूबाबाने बैल सोडला. "चल रे महिपत, पाऊस उघडला."

पाऊस केव्हाच उघडला होता. महिपत त्यांच्यामागून चालायला लागला. उजव्या हाताच्या बोटांना धुतलेल्या तांदळाचे दाणे चिकटले होते. ते लडकूला दिसू नयेत म्हणून त्याने मूठ मिटली, आणि टेप उतरेपर्यंत उघडली नाही.