निवडुंगाची बोंडं

माण तालुक्यातून कराडला एम.एस्सी. करायला आलेल्या राजेश्वरीनं प्रयोगासाठी फड्या निवडुंगाची लाल बोंडं निवडली. तिची आई बनुबाई मेंढरांमागं हिंडताना तीच खायची.

प्रयोगात जांभळ्या द्रावणात फळाचा रस घालायचा. रसात अँटिऑक्सिडंट जितकी जास्त, तितका जांभळा रंग उतरतो, आणि उरलेला रंग यंत्र मोजतं. बोंडांच्या नळीत आकडा फारसा उतरलाच नाही. तुलनेला घेतलेली हिरवी द्राक्षं कितीतरी पुढं होती.

"हे फळ सोड आता," तिचे मार्गदर्शक चौगुले सर म्हणाले.

राजेश्वरी नळीकडं बघत राहिली. रस मुळातच लालभडक होता.

"सर, यंत्र रसाचा स्वतःचा रंगही मोजतंय."

तिनं द्रावणाविना नुसत्या रसाची नळी लावली, तिचा आकडा वजा केला आणि तीनदा मोजलं. बोंडं द्राक्षांच्या दुप्पट भरली.

सरांनी चौथ्यांदा स्वतः मोजलं. "मी चुकलो," ते म्हणाले. "शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं."

तिनं प्रयोगशाळेच्या दारातूनच फोन लावला.

"आये, आपली बोंडं पैली आली. द्राक्षांच्याबी म्होरं."

"व्हय? मग तुज्या सरांस्नी एक पाटी भरून धाडते," बनुबाई म्हणाली. "काटं काढून."