गुडघ्यांखालची उशी

आमच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजून गाद्या-उशा भरतात. त्यामुळे कुणाचं काही दुखलं की आमचं औषध एकच, मऊ उशी. मला आता त्या शहाणपणाची चीड येते.

धाकटी बहीण आफरीन सात वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले. ते वाकवून ठेवले की तिला बरं वाटायचं, म्हणून मी, तेरा वर्षांची अज्जू आपा, निवडक कापूस भरून तिच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. ती रडायची थांबली. घरच्यांनी माझं कौतुक केलं आणि तिला खाटेवरून उतरू दिलं नाही. दोन वर्षांनी गुडघे वाकलेले ते वाकलेलेच राहिले. आम्ही नशिबाला बोल लावला. पुढे ती फरशीवर तळहात टेकत सरकायची. बाविसाव्या वर्षी तापाने गेली.

माझी लेक समरा आठ वर्षांची. तिलाही तोच सांधेवात निघाला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सकाळी गरम पाण्याने शेकायचं, पाय ताणायचे, चालायचं, संध्याकाळी सायकल. आणि गुडघ्यांखाली उशी अजिबात नको, पाय तसेच वाकलेले राहतात. आफरीनच्या गुडघ्यांखाली ती उशी मीच सरकवली होती.

त्या दिवसापासून घरात आवाज येतो, फरशीवर तळहात घासल्याचा. समरा कण्हली की तो जवळ येतो. माझे मालक चांदसाब म्हणतात, भास हाय. असेल. मला भीती वाटते, एवढं खरं.

परवा सकाळी समराचे गुडघे फारच आखडले होते. "अम्मी, उशी दे की. आजचा एकच दिवस."

चांदसाबना बघवेना, ते आमच्या गाद्यांच्या दुकानातून उशी घेऊन आले. तळहात घासल्याचा तो आवाज माझ्या टाचांपाशी येऊन थांबला. मी मागे वळले नाही. उशी काढून घेतली, समराचे पाय शेकले, ताणले आणि तिला दारापर्यंत चालवलं. ती भिंत धरून हुंदके देत गेली.

दाराला टेकून म्हणाली, "तू लई वाईट हायस."

आफरीन मला असं कधीच म्हणाली नाही. शेवटच्या तापातसुद्धा ती माझा हात धरून सगळ्यांना सांगत होती, अज्जू आपाएवढी माया कुणीच केली नाही.

"व्हय, हाय मी वाईट," मी समराला म्हटलं. "आता परत खाटेपर्यंत चल."