जास्तीचं रक्त

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा चेहरा दोन वर्षांत असा लालबुंद झाला की शिकाऊ मंडळी त्यांच्याकडे बघूनच ब्रेक दाबू लागली. मास्तर मुळात गरीब गाय. पण कायम संतापल्यासारखे दिसायचे, म्हणून त्यांची माणसं पहिल्याच फटक्यात परीक्षा पास व्हायची. क्लासच्या मालकाची काही तक्रार नव्हती.

तक्रार मेहुण्याची होती. "ताई, भाऊजी घेतात," तो बहिणीला म्हणाला. "तो रंग मी बरोबर ओळखतो."

ओळखणारच. त्याचा त्यातला अभ्यास दांडगा होता.

बायको रोज काही ना काही निमित्त काढून मास्तरांच्या तोंडाचा वास घेऊ लागली. टूथपेस्टशिवाय काही सापडेना. त्यात अंघोळ करून आले की मास्तर दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. साबण बदलला, टॉवेल बदलले, खाज हटेना. शेवटी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मेहुणा सोबत होताच.

"यांचं लिव्हर बघा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आणि खरं काय ते माझ्यासमोर सांगा."

बाईंनी दारूचं नावही काढलं नाही. "गरम पाण्याने अंघोळ केली की खाज सुटते?" त्यांनी विचारलं. डाव्या बरगडीखाली चाचपलं, प्लीहा वाढल्याचं सांगितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन वीस निघालं.

"वीस!" बायको म्हणाली. "माझं कधी दहाच्या वर गेलं नाही."

"अभिनंदन, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक, जनुकांची तपासणी करायला लावली. तिचा रिपोर्ट आल्यावर तिघांना समोर बसवलं.

"रक्त हाडांच्या आत तयार होतं. तिथल्या पेशी थांबायचं विसरल्यात, गरज नसताना रक्त बनवत सुटल्यात. हा रक्ताच्या कॅन्सरच्याच घरातला आजार. पण संथ आहे. उपचार घेतले तर माणूस बरीच वर्षं काढतो. नाही घेतले, तर घट्ट रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर..."

मास्तरांनी घसा खाकरला. "म्हणजे मी पीत नाही, हे नक्की?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"तेवढं जरा यांना मोठ्याने सांगा."

बायकोला रडू कोसळलं. मास्तर तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "अगं, बरीच वर्षं म्हणाल्या त्या," ते म्हणाले.

गोळ्या होत्याच, पण मुख्य उपाय म्हणजे जास्तीचं रक्त काढून टाकायचं. पहिल्या खेपेला मास्तर पलंगावर पडले होते आणि पिशवी हळूहळू भरत होती. मेहुणा तिच्याकडे एकटक बघत होता.

"सिस्टर, हे ताईला चढवता येईल का? घरातल्या घरात."

"नाही. हे टाकून द्यायचं."

"वाया?" त्याने हळहळून विचारलं.

बायकोने त्याला बाहेर हाकललं आणि ती मास्तरांच्या उशाशी बसली. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय, असं ते म्हणाले. तिने वाकून त्यांच्या तोंडाशी नाक नेलं.

"आता काय?" मास्तर म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली.